गुलाबी गाठी

राघोशेट गेल्याचं मला कर्जत स्टेशनात कळलं. खालापूरचा गाडीवान माल उतरवताना सहज बोलून गेला... मी पावतीवर सही केली आणि कामाला लागलो. रडू आलं नाही. त्याला आता सव्वा महिना झाला.

राघो माझा लहानपणापासूनचा दोस्त. साखरेच्या गाठी करायचा. लाकडी साच्यात दोरा धरायचा आणि वरून उकळता पाक ओतायचा. शिमग्याला मामाने भाचरांच्या गळ्यात गाठीची माळ घालायची, ही आमच्याकडची रीत. पोरं ती दिवसभर चोखत हिंडतात. राघोच्या गाठी पांढऱ्याशुभ्र असत. एका वर्षी मुंबईहून मी त्याला गुलाबी रंगाची पुडी आणून दिली. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेला, लुगडी रंगवायचा विलायती रंग. तो बिचकला, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "रंगाऱ्याचे हात बारा महिने त्यात असतात. झालंय का काही त्याला?" हात वेगळे आणि पोट वेगळं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

गाठी हातोहात खपल्या. पहिली माळ त्याने भाचीच्या, यमीच्या गळ्यात घातली होती. दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस पोर निपचित पडून होती. रेल्वेचा डॉक्टर म्हणाला, असल्या रंगात कधी कधी विषारी सोमल असतो, यात होता का ते सांगता येणार नाही. बाकीच्या पोरांना काहीच झालं नव्हतं. यमी वाचली. पण तिच्या आईने अंगणात उभं राहून भावाला विचारलं, "दादा, ह्यो रंग तुला दिला कोनी रं?"

मी शेजारीच होतो. राघोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच आनला गं, चौकच्या बाजारातनं."

"मंग आजपास्नं तुज्या दारात माजा पाय नाय."

तिने शब्द पाळला. राघोने पुडी उकिरड्यात पुरली आणि पुन्हा पांढऱ्या गाठी करू लागला. मी पूर्वीसारखाच त्याच्याकडे पान खायला जात राहिलो. त्याने तो विषय कधी काढला नाही, आणि मीही काढू दिला नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं.

परवा दुकानात गेलो, तेव्हा त्याचा मुलगा साचे धूत होता. चिंच लावून, राख लावून घासले, तरी एका साच्यातल्या कोरीव फुलात गुलाबी डाग अजून आहे.

"आत्या मयतालाबी नाय आली," तो म्हणाला. "म्हनली, पोरीला इख चारनारा भाव माजा न्हवं. बानं तो रंग आनलाच कशाला वो, काका?"

"काय माहीत," मी म्हणालो.

यमीच्या आईला वाचता येत नाही. कुणीतरी तिला हे वाचून दाखवावं. पुडी मी आणली होती.