लग्नाआधीचं दुपटं

माझ्या बायकोने कापडाची बोरमाळ केली होती आणि मी ती दुरुस्त केली. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या तोंडाने सांगणं वेगळं. तर सांगतो.

चेन्नईच्या अण्णा नगरमधल्या सात-आठ बायका, त्यांत हीही, शनिवारी दुपारी एकीच्या गच्चीवरच्या खोलीत जमतात आणि अंगावर घालायच्या वस्तू करतात. कापडी हार, धाग्यांची कर्णफुलं, जुन्या काठांचे कंबरपट्टे असं काय काय. त्यांच्यात वयाने मोठी एक तंजावरची मावशी आहे. तिचं घराणं कित्येक पिढ्या इकडचंच, मराठी मात्र आमच्याहून जुनी. ऐकताना बखर वाचल्यासारखं वाटतं, फक्त हेल तमिळ. आम्ही नाशिकचे. मी ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात आहे. पार्ट घ्यायचा, मोजायचा, मापात नसेल तर परत पाठवायचा. घरीही मी जरा तसाच. फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावतो. बोलत काही नाही, लावतो.

त्या बायकांचं एकत्र प्रदर्शन ठरलं. हिचं पहिलंच. हिने जुन्या कपड्यांच्या तुकड्यांत कापूस भरून बोराएवढे मणी केले, रेशमी दोऱ्यात ओवले, मागे गोंडा लावला. महिनाभर घरात कापूस उडत होता. एकदा माझ्या डब्यातल्या दहीभातातही निघाला. कुठला मणी कशाचा, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला सुचलं नाही.

वस्तू मांडणीसाठी आधी पोचवायच्या होत्या. हॉल माझ्या परतीच्या वाटेवर, म्हणून पेटी माझ्याकडे आली.

"अहो, सांभाळून न्या. उघडू नका."

"मी कशाला उघडतोय?"

जेवणाच्या सुट्टीत मी ती उघडली.

गाठ सैल वाटली, एवढंच निमित्त. मग दिसलं की मणी कसेही ओवलेत. टपोऱ्याशेजारी बारका, त्याच्याशेजारी पुन्हा टपोरा. सोनाराकडची बोरमाळ कशी, मधोमध मोठे मणी आणि दोन्हीकडे उतरत गेलेले. मला वाटलं, हिची घाई झाली असणार. टेबलावर जाडी मोजायचा व्हर्नियर होताच. शेजारी बसलेला माझा तमिळ सहकारी सांबारभात खाता खाता बघत होता.

"सार, हा कुठल्या मॉडेलचा पार्ट?"

"घरचा."

"मग मोजू नका, सार. तिकडे रिजेक्शन चालत नाही."

मी हसलो आणि दोरा सोडला.

एक मणी साध्या मांजरपाटाचा होता. रंग नाही, काठ नाही, आकारही धड नाही. नमुन्याला केलेला चुकून ओवला गेला असणार, म्हणून तो मी टेबलाच्या खणात टाकला. बाकीची माळ अशी देखणी उतरली की संध्याकाळी हॉलवर पेटी देताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं. घरी बोललो नाही. म्हटलं, तिथे बघेल आणि खूश होईल.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा लोक आत शिरलेच होते. जिची वस्तू तिने शेजारी उभं राहून तिच्याबद्दल सांगायचं, असं ठरलेलं. मावशी आणि तीन-चार कॉलेजातल्या मराठी मुली हिच्या माळेपाशी आल्या. हिने माळेकडे न बघताच गोंड्याजवळचा मणी चिमटीत धरला. आपली करणी पाठ असते माणसाला.

"ही माझी वर्षं आहेत," ती म्हणाली. "गोंड्यापासून सुरुवात करायची. हा पहिला, आमच्या लग्नातल्या शालूचा."

बोटांना रेशीम लागलं नाही म्हणून तिने खाली बघितलं. चिमटीत विरलेलं सुती कापड होतं, बदकांच्या नक्षीचं. मावशी वाकली.

"हें तर दुपटें! अय्यय्यो, लग्नाच्या आधींच लेकरूं जालें काय गे तुजला?"

मुली खो खो हसल्या. हीसुद्धा हसली. मग तिचं बोट माळेवरून पुढे सरकत गेलं. दुपट्यानंतर माझा युनिफॉर्म, मग तिच्या आईचं लुगडं. लग्नाचा शालू पार मधोमध, लेकीच्या कॉलेजातल्या ओढणीला खेटून. हसू ओसरलं.

"अहो, मांडताना यांच्या हातून तुटली असेल का?"

मांडणी करणाऱ्या बाई पलीकडेच उभ्या होत्या. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. गप्प राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण त्या बाईंनी आमच्याकडे बघून इतकं मनापासून स्मित केलं की माझी पंचाईत झाली.

"मी केलं," मी म्हणालो. "मापाने लावले."

"मापाने?"

"व्हर्नियरने."

"नवऱ्यास घरीं कांहीं काम देत नाहींस काय?" मावशीने विचारलं.

ही मात्र मणी शोधत होती. "आणि मांजरपाटाचा?"

"तो बेढब होता. ऑफिसात खणात आहे."

"ते आपण चेन्नईला आलो ते वर्ष होतं," ती हळूच म्हणाली.

नाशिकच्या शाळेत ही चित्रकला शिकवायची. नोकरीत कायम झाल्याचं तिने हरखून सांगितलं, तेव्हा मी चेन्नईच्या बदलीला होकार देऊन आलो होतो. तिला विचारायच्या आधीच. इकडे आल्यावर बरेच महिने तिने पेन्सिल हातात धरली नाही. मला दिसत होतं. मी डबे लावत होतो.

"तेव्हा तुला विचारायला हवं होतं," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"हे आत्ता? एवढ्या लोकांत?"

"घरी जमत नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, ओठ मुडपले आणि माळ स्टँडवरून काढली. "बसा खाली."

कोपऱ्यात चटई होती. तिने गाठ सोडली, मणी पदरात घेतले. ती एकेक वर्ष सांगायची आणि मी ओवायचो. मुलीही भोवती बसल्या. प्रदर्शन आता आमच्या चटईवरच भरलं होतं. मांजरपाटाचा मणी मी नव्याने करायचा, असा हुकूम झाला. टेबलावरची चादर मांजरपाटाचीच होती, बाईंनी तिचा कोपरा कापून दिला. कापूस मावशीने दिला. मी टाके घातले, दोरा ओढला आणि जे झालं ते सगळ्यांपुढे धरलं.

"वांगं," बायको म्हणाली.

"भरलें वांगें," मावशी म्हणाली.

कारखान्यात माझ्यासमोर आलं असतं तर मी लाल शिक्का मारला असता. "पुन्हा करू का?"

"नको. ते वर्ष असंच होतं. ओवा."

माळ स्टँडवर परत गेली. दुपारी नवीन घोळका आला, तेव्हा ही मावशीचा कंबरपट्टा घालून बघत होती. तिने लांबूनच मला हाताने खूण केली, सांगा तुम्हीच. मी गोंड्यापासून सुरुवात केली. शालू, लुगडं, दुपटं. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळला लोक हसत होते, पण हलत नव्हते. एका मुलीने वांग्यावर बोट ठेवलं. "अंकल, हा असा का?"

मी सांगितलं. होकार, बदली, सगळं. बायको पाठमोरी होती, ऐकत नसावी असं वाटलं. मी म्हणालो, ही तिकडे मुलींच्या शाळेत शिकवायची.

"मुलींच्या नाही हो," तिकडून आवाज आला. "मुलांच्या! आणि काय एकेक व्रात्य कार्टी होती, तेही सांगा त्यांना."