निळ्या प्लेटवरचा अंगठा

"धनराज, उद्यापासून येऊ नको," शेटजी म्हणाले. टेबलावर परत आलेल्या बोन प्लेट्स पसरल्या होत्या. मोडलेलं हाड सांधायला आत बसवतात, त्या टायटॅनियमच्या पट्ट्या. सगळ्या एकसारख्या निळ्या हव्या होत्या. काहींवर पिवळट डाग होते.

"शेटजी, मी तं बराबर धुतो," धनराजभाऊ म्हणाले. पवनारहून बसने येणारा, धुलाई सांभाळणारा माणूस.

"मंग डाग काय आभायातून पडले?"

वर्ध्याच्या त्या छोट्या कारखान्यात मी केमिस्ट होते. हा निळा म्हणजे पेंट नव्हे. प्लेट द्रावणात बुडवून वीज सोडली की तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. शरीरातल्या क्षारांपासून तो धातूला जपतो. थराच्या जाडीप्रमाणे प्लेट सोनेरी, निळी, जांभळी दिसते. याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. आधी बोटाचं तेल लागलं, तर तेवढ्या जागी थर बिघडतो.

बोट कोण लावायचं, ते मी रोज बघत होते. शेटजींचं घराणं कापड दुकानाचं. माल अंगठ्याने चोळून बघायची सवय. धुतलेल्या ट्रेमधली प्लेट उचलायचे, चोळायचे, परत ठेवायचे. मी एकदा पुटपुटले होते, "सर, ग्लोव्हज..."

"मॅडम, आंघोळ करून आलो ना मी!"

पुढे मी बोलले नाही. कॉन्व्हेंटमधलं माझं मराठी त्यांच्यापुढे तसंही अडखळायचं.

त्या दुपारी शेटजी पुन्हा ट्रेपाशी आले. एक प्लेट चोळून गेले. बाकीच्या मी परत धुऊन घेतल्या. ती तशीच अ‍ॅनोडायझिंगच्या टाकीत सोडली.

बाहेर आली तेव्हा निळ्यावर अख्खा अंगठा उमटला होता. मधोमध एक आडवी रेघ, जुन्या जखमेची. मी प्लेट पांढऱ्या कागदावर शेटजींपुढे ठेवली. "सर, ठसा मिळाला."

शेटजी खूश. सगळ्यांना बोलावलं. "दाखवा अंगठे! आता सापडते चोर."

एकेक अंगठा पाहून झाला. माझाही. आडवी रेघ कुणाचीच नव्हती.

"शेटजी," धनराजभाऊ हळूच म्हणाले, "तुमचा राह्यला."

शेटजींनी स्वतःचा अंगठा वळवून पाहिला. लहानपणी दुकानातल्या कात्रीने कापलेला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग ते खोकले.

"धनराज, उद्या येजो. अन् वेळेवर येजो!"

त्यानंतर शेटजी ट्रेपाशी आले की हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. ती एक प्लेट मी का धुतली नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. एखादी प्लेट वाया घालवायचीच असेल, तर नीट निवडून घालवावी.