टाचांनी खाल्लेला दगड

तमाम रयतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझी कला नेकनूरजवळच्या ओढ्याकाठी बायकांच्या टाचांखाली मरण पावली. सुतक कोणीही पाळले नाही.

मी पाथरवट. गावोगाव झिजलेल्या जात्यांना टाकी लावत फिरायचो. एकदा बीडच्या तालुकदारसाहेबांनी कचेरीच्या बागेसाठी दगड घडवायला सांगितला. हुकूम एवढाच: माणूस नको, जनावर नको, नुसते आकार. पसंत पडला तर कायमचं सरकारी काम. जात्यांतून सुटका!

मी तांबूस, मऊसर दगड निवडला. गुडघ्याएवढाच, पण काय थाट! खाली चौकोन, त्यावर तिरपा त्रिकोण, माथ्यावर कलता षटकोन. एका अंगावर बाजरीच्या दाण्यांसारखे टिपके, दुसऱ्यावर पेरणीच्या पाभरीने ओढलेल्या काकरांसारख्या रेघा. ऊन फिरलं की दगडाचा चेहरामोहरा फिरायचा.

बायको म्हणाली, "ह्यो देवबी न्हाई, जातंबी न्हाई. कावून केला?"

मी सोंगातल्या राजासारखा हसलो.

बीडला नेताना ओढ्यात गाडीचा आस मोडला. कचेरीतून निरोप आला, काठावरच उभा करा, साहेब दौऱ्यावर आले की बघतील. दौरा पुढेपुढे जात राहिला. पोट थांबेना, म्हणून मी पुन्हा जात्यांमागे हिंडलो.

परतलो तर धुणं धुणाऱ्या बायका पाळीपाळीने दगडावर टाचा घासत होत्या.

"अगं बायांनो, ही वज्री न्हाई, कारागिरी हाय!"

"आसंल की दादा," एक म्हणाली, "पर भेगा लई झ्याक जात्यात."

मी गोणपाट गुंडाळलं, वर काटे रचले. काटे चुलीत गेले. गोणपाटावर लुगडी वाळू लागली. टिपके गेले, रेघा गेल्या, षटकोनाचे कोपरेसुद्धा लाडवासारखे वळले. मी हट्टाने पुन्हा टाकी उचलली, तोच साहेबांचा घोडा आला.

साहेबांनी दगडावरून तळवा फिरवला. "उस्ताद, ये तो गाल के माफिक चिकना है."

"नक्षी हितंच व्हती, हुजूर," मी म्हणालो. ते ऐकायलाही साहेब थांबले नाहीत. रिकिबीत पाय गेला, आणि टाकी लावायची ती जाती मला जन्मभरासाठी परत मिळाली.

तेवढ्यात खांद्यावर धुण्याचा पिळा टाकलेली एक म्हातारी घोड्याला आडवी आली आणि सगळ्यांदेखत बोलून गेली, "सायेब, ह्यो झिजला बगा. दुसरा धाडून द्या!"