उडून गेलेलं जस्त

छातीच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारे ओतारी बसले होते. पितळी घंटा आणि समया ओतण्यात त्यांचा जन्म गेलेला. मुलगी त्यांना रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवत होती. "बाबा, तांबं जास्त आलंय. जस्त कमी."

त्यांनी शांतपणे मान हलवली आणि धापा टाकत मला म्हणाले, "तांब्यात जस्त मिसळलं की पितळ. पण भट्टीत जस्त पांढरा धूर होऊन उडतं. म्हणून आम्ही ते आधीच थोडं जास्त टाकतो."

तो धूर चाळीस वर्षं त्यांच्याच छातीत गेला होता. आणि रक्तात कमी पडलं, ते नेमकं जस्तच.

"फुप्फुसाच्या जुनाट आजारात असं दिसतं म्हणे," मुलगी म्हणाली. "पण जस्त कमी पडल्यानेच आजार झाला, असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत."

सोनाराच्या काट्यावर जेमतेम दोन-तीन ग्रॅम भरेल एवढाच हा धातू अंगात असतो. आपण त्याच्या जिवावर जिने चढतो, भांडतो, गातो, आणि तो आहे हे कमी पडेपर्यंत कुणाला ठाऊकही नसतं.

त्यांचं नाव पुकारलं. दाराजवळच्या देव्हाऱ्यात छोटी पितळी घंटा होती. जाता जाता त्यांनी तिला सवयीने टिचकी मारली आणि कान देऊन उभे राहिले.

"हिचं जस्त बरोबर पडलंय."

एवढं बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. घंटेचा नाद तोवर चालूच होता.