सफारीतल्या पाहुण्याची शिदोरी

वाणगाव स्टेशनाहून रिक्षाने गंजाडकडे निघालो, तेव्हा कापलेल्या भातशेतात क्रेनला बांधलेलं छोटं विमान दिसलं. पंख नव्हते. रिक्षावाला म्हणाला, "याला कुठनं उतरवला?"

"उतरवला नाही, पाडणार आहेत," मी म्हणालो. त्याने रिक्षा जरा लांबच थांबवली.

हा २०१७ चा डिसेंबर. माझा मेहुणा अविनाश लहान विमानांच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. विमान आपटलं, की खुर्चीचे पाय दुमडून धक्का सोसणार आणि माणूस वाचणार, अशी त्याची नवी खुर्ची. ती भंगारातल्या या विमानात बसवून वरून टाकायची होती. आज फसली, तर कंपनी ते काम गुंडाळणार होती.

प्रवासी म्हणजे वाळूचं पोतं, माझा जुना सफारी घातलेलं. मी काट्यावर खात्री केली. माझ्यापेक्षा दोन किलो कमी भरलं. वाळू वाढवायला लावली.

"भावोजी, तुम्ही पडणार नाही आहात."

"कपडे माझे आहेत."

शेतमालकीण सोनीबायने आम्हाला नागलीची (नाचणीची) भाकर आणि बोंबलाची चटणी वाढली. मग नारळ फोडला, क्रेन वर गेली आणि विमान सुटलं. धाडकन आवाज झाला, बगळे उडाले. जाऊन पाहतो तर सफारी फाटून वाळू सांडत होती आणि खुर्चीचे पाय जेमतेम वाकले होते. अविनाश बांधावर मटकन बसला.

मी खुर्चीखाली वाकलो. चेपलेला पितळी तांब्या, शेजारी फडक्यात भाकरी!

"हे कोणी ठेवलं?"

"मी," सोनीबाय म्हणाली. "लांब जायचा माणूस, पाणी नको?"

"बाई, ते पोतं आहे!"

"असंल. माझ्या शेतातनं निघाला ना? रिकामा कसा धाडू?"

अविनाश ताडकन उठला. पाय दुमडायला लागणारी मोकळी जागा तांब्याने अडवली होती. "पण खुर्चीखाली कोण सामान ठेवतं?" तो चिडून म्हणाला.

"तुझी बहीण," मी म्हणालो. "लोणच्याची बरणी."

तो हसत सुटला. सुटे पाय होते, ते बसवले; फाटलेलं पोतं शिवून वाळू पुन्हा भरली. खुर्चीखाली काही सरकवता येऊ नये म्हणून सोनीबायकडून गोणपाट घेऊन चारी बाजूंनी शिवला. ती म्हणाली, "मांडीवर तरी ठेवू?" अविनाशने मुकाट्याने भाकरी पोत्याच्या पट्ट्यात खोचली.

दुपारी पुन्हा पाडलं. पाय दुमडले, पोतं शाबूत. भाकरीचे मात्र दोन तुकडे झाले. "पाहुणा जेवला नाय," सोनीबाय म्हणाली.

निघताना तिने मला पिशवीभर चिकू दिले. डहाणूच्या एसटीत सवयीने पिशवी सीटखाली सरकवली. मग एसटीच्या सीटला असले दुमडणारे पाय नसतात हे पक्कं ठाऊक असूनही ती उचलून मांडीवर घेतली.