शांत बाळ

"काहून गा?"

आमच्या सरांचा दिवस 'का रे?' अशा अर्थाच्या या दोन वऱ्हाडी शब्दांनी उजाडायचा. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हटलं तरी "काहून गा?" आणि मी न सांगता चहा आणला तरी "काहून गा?" मेंदू आणि मणक्याचे एवढे मोठे सर्जन, पण संशोधन म्हणजे त्यांच्या लेखी हाच एक प्रश्न, न लाजता पुन्हा पुन्हा विचारलेला. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेलच.

मी त्यांचा संशोधन सहायक, म्हणजे पेशंटना प्रश्न विचारणारा. माझं मराठी शुद्ध, आवाज रेडिओवाल्यासारखा, आणि जग या दोनच गोष्टींवर चालतं असा माझा समज.

कंबरदुखीच्या अभ्यासात वजन कसं उचलावं हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. समोर कळमन्याच्या धान्यबाजारातले हमाल. मी पाण्याची कॅन उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो.

"असं नाही उचलाचं, हेच दाखवून राहिले ना सर?" एका हमालानं आदरानं विचारलं.

मी वाकूनच "हो" म्हणालो. तेवढ्यात दारात सर. "काहून गा? कोणाच्या पाया पडून राहिला?"

सरांचा जीव मात्र दुसऱ्याच अभ्यासात होता. काही बाळांच्या मेंदूत पाणी साठतं, डोकं मोठं होत जातं. सर बारीक नळी घालून ते पाणी पोटात उतरवायचे. ही नळी कधीकधी तुंबते. ते घरच्यांना लवकर कसं ओळखू येईल, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून घरी गेलेल्या बाळांच्या आयांना मी फोन करायचो.

काटोलच्या एका आईला विचारलं, "बाळ शांत आहे का?"

"लय शांत झालं जी! पहिले किती रडे. आता नुसतं झोपून राहते. दूधही मागत नाही."

"वा! गुणी बाळ आहे," मी म्हणालो आणि पेढे मागायच्या सुरात सरांना बातमी दिली.

सरांनी कप खाली ठेवला. "काहून?" या वेळी पुढे 'गा' नव्हता.

"गुणी आहे, सर."

"तीन महिन्यांचं लेकरू गुणी नसते! नळी तुंबली असन. लाव फोन."

फोन त्यांनीच घेतला. "माय, बाळाले घे अन् भेटन त्या गाडीनं निघ. रडू नको वं. तुह्यं काही चुकलं नाही. आमच्या माणसालेच मराठी समजत नाही."

बाळ आलं तेव्हा टाळू फुगलेली होती, डोळे उघडत नव्हते. सर त्याला घेऊन तडक आत गेले. बाहेर आईनं मला विचारलं, "लेकरू वाचन ना जी?" माझा रेडिओ बंद पडला होता.

तेव्हापासून आमच्या फोनवरचा प्रश्न बदलला: "बाळ छळते का?" आई हो म्हणाली की आम्ही खूश.

सर गेल्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. मला आठवतात ते काटोलच्या बाळाच्या ऑपरेशननंतरच्या सकाळचे. त्या बाळानं अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. सिस्टर वैतागलेली, आई ओशाळून त्याला थोपटतेय.

"राहू दे वं. रडू दे," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून खाटेजवळ बसले.

बाळ श्वास घ्यायला क्षणभर थांबलं. सर पुढे झुकले. बाळानं पुन्हा भोकाड पसरलं, तसे ते आरामात मागे टेकले.