आठ किलो वाफ

बेकरी सरकारने ताब्यात घेतली त्या दिवशी उस्तादांनी किल्ल्या स्वतःच्या हाताने साहेबाच्या टेबलावर ठेवल्या आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "बरं झालं. सुटलो." ते खोटं नव्हतं. बेकरी त्यांच्या वडिलांची, आणि वडील एक नंबरचे कवडीचुंबक. कामगारांना पिठाच्या पोत्यांवर झोपवायचे आणि मजुरीत शिळे पाव धरायचे. उस्तादांना त्याची लाज वाटायची. आता कामगारांना राहायला खोल्या मिळाल्या, त्यांच्या पोरांना फुकट शाळा मिळाली, पावाचा भाव शहरभर एक झाला. चांगलं ते चांगलंच, त्याला नाही कशाला म्हणा?

वाटोळं झालं ते पावाचं.

वरच्या कचेरीतल्या कुणा शहाण्याने ठरवलं होतं, की बेकरीचं काम वजनावर जोखायचं. शंभर किलो पिठातून जितका जास्त किलो पाव निघेल, तितकी बेकरी हुशार. या शहाण्याने जन्मात कधी पीठ मळलं नसणार. पाणी जास्त ओतायचं, पाव दहा मिनिटं आधीच बाहेर काढायचा, की पाणी आतच राहतं आणि वजन भरतं. पहिल्या वर्षी बेकरीला मानाची ढाल मिळाली. दुसऱ्या वर्षी वरून आकडा वाढवून आला, म्हणून आणखी पाणी. शेवटी पाव असा निघायला लागला, की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. पोरं त्याच्या गोळ्या करून एकमेकांना मारायची. लोक तासभर रांगेत उभं राहून तोच घ्यायचे, कारण दुसरी बेकरी शहरात शिल्लकच ठेवली नव्हती. त्याच बेकरीत आता पगारावर भट्टी सांभाळणारे उस्ताद मनातल्या मनात शिव्या घालायचे आणि दहा मिनिटं आधीच भट्टीचं दार उघडायचे. अशी अकरा वर्षं गेली.

मग बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालं. एक पैसा लागला नाही. वडिलांच्या काळात यासाठी अंगावरचे कपडे विकावे लागले असते, हे उस्ताद स्वतःच म्हणायचे. पण दवाखान्यात जेवायला पाव यायचा तो त्यांच्याच भट्टीतला, आणि तो तिच्या पोटात काही केल्या टिकेना. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी उस्तादांना बाजूला घेतलं.

"त्यांना नीट भाजलेला पाव द्या. पोटात अन्नच राहिलं नाही तर माझे टाके काय कामाचे?"

"आणू कुठून, बाई?"

"तुम्ही बेकरीतच आहात ना?" बाई म्हणाल्या, आणि उस्तादांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी भाजायला पीठ विकत मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी खासगी भट्टी हा गुन्हा होता. दुसरा कुणी असता तर त्याने एक पाव भट्टीच्या कोपऱ्यात जास्त वेळ ठेवला असता आणि कोटात घालून नेला असता. अर्धी बेकरी तेच करायची. पण आपल्या बायकोला वेगळा आणि लोकांना कच्चा, हे उस्तादांच्या पचनी पडेना. त्यांनी ठरवलं, अख्खी भट्टीच नीट भाजायची, दोनशेच्या दोनशे पाव. ते दुकानात जातील, मग आपण रांगेत उभं राहून एक विकत घ्यायचा. इतका भोळा माणूस शोधून सापडला नसता!

सकाळच्या पाळीला त्यांनी पाणी बेताचं घातलं आणि वेळ पुरा दिला. असा वास सुटला, की कामगार हातातली कामं टाकून भट्टीपाशी आले. फक्त काट्यावरचा वजनवाला हलला नाही.

"उस्ताद, आठ किलो कमी भरतंय."

"नीट भाजलाय म्हणून."

"तसं लिहिता येत नाही हो. पीठ कुठे गेलं ते लिहावं लागतं."

दुपारी चौकशी बसली. दोनशे पाव पुरावा म्हणून बेकरी समितीच्या अध्यक्षांच्या खोलीत टोपल्यांत ठेवले होते. हे अध्यक्ष म्हणजे वडिलांच्या वेळी पोत्यांवर झोपणाऱ्यांतलेच एक.

"आठ किलो पीठ कुठे आहे?"

"पीठ पावातच आहे, साहेब. पाणी गेलं. त्याची वाफ झाली."

अध्यक्षांनी फॉर्म उलटून पाहिला. "वाफेला रकाना नाही. चोरी, नासाडी, उंदीर. यातलं बोला."

"मग उंदीर लिहा."

"या महिन्याचे उंदीर संपले." बोलता बोलता त्यांनी टोपलीतला एक पाव मोडला आणि तुकडा तोंडात टाकला. "तुमच्या वडिलांनी आमच्या मजुरीत शिळे पाव धरले, उस्ताद. तेव्हा नाही कुणी चौकशी केली."

"खरं आहे," उस्ताद मान खाली घालून म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "पण भाजलेले असायचे."

अध्यक्षांनी आणखी एक तुकडा मोडला. ते चावत राहिले.

घास गिळून ते म्हणाले, "चोरी कबूल करा. भट्टीवरचं काम जाईल, पोती उचलावी लागतील, पण राहायची खोली जाणार नाही. नाही तर चौकशी चालेल, आणि तोवर पुरावा सीलबंद."

"सही केली तर पुरावा मोकळा?"

"मोकळा."

"मग त्यातला एक पाव मला हवाय. विकत."

आणि ज्या माणसाने अकरा वर्षांत बेकरीतला चिमूटभर मैदाही घरी नेला नव्हता, त्याने मी आठ किलो पीठ चोरलं असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं.

शिक्के मारून घ्यायला शेजारच्या खोलीत तासभर गेला. परत येऊन पाहतात तर टोपल्या रिकाम्या. कारकून, ड्रायव्हर, दारावरचा पहारेकरी, जो तो काखेत मावतील तितके मारून पसार झाला होता. ज्यांनी चोरीचा कागद रंगवला त्यांनीच पुरावा फस्त केला होता, आणि एकालाही त्याची लाज नव्हती. उरला होता तो अध्यक्षांनी खाऊन ठेवलेला अर्धा पाव. तो त्यांनी कागदात गुंडाळून पुढे सरकवला.

"घ्या. पैसे नकोत," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

संध्याकाळी उस्तादांनी दवाखान्यात त्या अर्ध्या पावाच्या पातळ चकत्या कापल्या. बायकोने पहिली भीतभीतच चावली. मग दुसरी मागितली, मग तिसरी. तासभर झाला तरी पोटाने तक्रार केली नाही. पाठीमागे उशी सरकवून ती उठून बसली.

"अहो, किती छान भाजलाय. आता सगळ्यांना असाच मिळतो का?"

उस्तादांनी चादरीवरचे कण बोटाने टिपले.

"हो," ते म्हणाले. "सगळ्यांना."